न आलेल्यांचा हिशेब

नारू झालेला माणूस आज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पण दुष्काळी पट्ट्यातल्या, साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तोंड वाकडं करून सगळं सांगतील. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकवायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. दोन-अडीच फुटांचा जंत पुरता बाहेर यायला आठवडे लागत. मध्येच तुटला, तर पाय असा सुजायचा की त्या माणसापुरती पेरणी गेलीच म्हणून समजा. या रोगावर लस नव्हती, जंत मारणारं औषधही नव्हतं. तरीही १९९६च्या जुलैनंतर भारतात नारूचा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं.

हे कसं झालं? फोड आलेला पाय घेऊन माणूस पायविहिरीत उतरायचा. जंताची मादी पाण्यात पिल्लं सोडायची, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलजीवाच्या पोटात जायची आणि तेच पाणी सगळं गाव प्यायचं. वर्षभराने नवे पाय, नवे फोड. साखळी कळली होती, ती तोडायची होती. विहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं, दुहेरी कापडातून पाणी गाळायला घरोघरी सांगितलं आणि गावोगाव विचारत फिरून शेवटचा रोगी हुडकला. हे करणाऱ्या हजारो माणसांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. सार्वजनिक आरोग्य या विषयाची ओळख इथूनच करून द्यावी असं मला वाटतं, कारण यात काम जमलं की दाखवायला काही उरत नाही. हे ज्याला सोसणार नाही त्याने वेळीच दुसरी वाट धरलेली बरी.

पुढची प्रकरणं या विषयाचं विद्यापीठीय शिक्षण आणि त्यानंतरच्या कामाच्या वाटा यांबद्दल आहेत. ती वाचणारे साधारण कोण असतील याचा अंदाज आहे. कुणी बीडीएस, बीएएमएस किंवा फिजिओथेरपी करून थबकलेलं असेल, कुणी नर्सिंगमधलं, कुणी संख्याशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी घेतलेलं. घरी संवादही ठरलेला. ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजे डॉक्टर का?’ ‘नाही.’ ‘मग नर्स?’ ‘नाही.’ ‘मग पेशंट कोण तपासणार?’ या तिसऱ्या प्रश्नाला धड उत्तर देता आलं, तर विषय निम्मा समजला.

दवाखान्यातल्या डॉक्टरसमोर जो येतो तो रुग्ण. दिवसात साठ आले, त्यातल्या वीस जणांना ताप. हा झाला अंश. सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी छेद मागतो. हे वीस नेमके कितींपैकी? आसपास राहतात किती, त्यांतल्या कितींना ताप आला, आणि ताप येऊनही दवाखान्याची पायरी न चढलेले कोण? पैसे नव्हते, एसटी नव्हती, रोजंदारी बुडत होती, की सासू पाठवत नव्हती? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्य व्यवस्थापन, अर्थशास्त्र, पर्यावरण, वर्तनशास्त्र असं बरंच काही असतं. पण छेद मागायची सवय लागली नाही, तर बाकीचं सगळं पाठांतर.

छेद मागितल्यावर काय होतं याचं आपल्याच मातीतलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या नाहीत. दोन गावं घेतली आणि तिथल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली, त्रास सांगणाऱ्यांची आणि न सांगणाऱ्यांचीही. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभरातल्या धोरणकर्त्यांना जाग आली. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढ्यावरच सगळ्यांचं भागत होतं.

नवजात बाळांचंही तेच. घरात जन्मून घरातच दगावलेलं बाळ कुठल्याच वहीत नसायचं. ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायच्या आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देते, त्या वेळापत्रकाचं मूळ या गावांत आहे.

आणखी एक गोष्ट, जी वर्गात शिकवताना शिक्षकांचाही आवाज खाली जातो. मूल घरी दगावलं, डॉक्टरने पाहिलेलं नाही, तर कारण कसं ठरवायचं? आईजवळ बसून विचारायचं. बाळ जन्मल्यावर रडलं होतं का? दूध ओढत होतं का? अंग गार पडलं होतं की तापलं होतं? छाती आत जात होती का? इंग्रजीत याला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. प्रश्नावली छापील असते, तिच्यात चौकोन असतात आणि त्यांत खुणा करायच्या असतात. पहिल्यांदा जाणारी मुलं चौकोनांकडे बघत राहतात, कारण समोर बघवत नाही. पण त्या खुणांतूनच पुढे जिल्ह्याचा, राज्याचा आकडा तयार होतो. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची सरकारी नोंद किती तोकडी आहे हे ‘कोवळी पानगळ’ या २००१च्या अहवालाने दाखवलं, ते अशाच मोजणीच्या बळावर. जो आकडा आपण सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवतो, तो कुणाच्या ओट्यावर बसून आलेला आहे याची जाण असलेला विद्यार्थी आकड्यांशी खेळ करत नाही, असा माझा अनुभव आहे.

या विषयाचं औपचारिक शिक्षण तसं शंभर वर्षांचं. जॉन्स हॉपकिन्सची शाळा १९१६ची. आपल्याकडे कोलकात्याची ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ १९३२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली. १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर आरोग्य समितीला निव्वळ औषधं लिहून देणारा डॉक्टर नको होता, समाज ओळखणारा डॉक्टर हवा होता. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग आले. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘पीएसएम’. त्या विभागाचं पुढे काय झालं ते एमबीबीएस झालेल्या कुणालाही विचारा. ‘पार्क’ या जाडजूड पुस्तकातली पानं परीक्षेपुरती घोकायची, वसतिगृहात झोप काढायची ती पीएसएमच्या तासाला. अपवाद होते. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झालं, ते डॉ. सुशीला नायर यांनी काढलं. त्यांचंही सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण हॉपकिन्सचं. सेवाग्रामला विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव मिळतं आणि पहिल्याच वर्षी त्या गावात मुक्काम पडतो. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्याच एमबीबीएस विद्यार्थ्यांना कुटुंब दत्तक घ्यायला लावलं आहे. कागदावर छान आहे.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही हॉपकिन्सचेच. १९७० साली ते जामखेडला आले आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. नायर, आरोळे, बंग ही सगळी मंडळी एकाच परदेशी विद्यापीठातून शिकून आली, आणि ही तर डॉक्टर होती. त्या काळी डॉक्टर नसलेल्या माणसाला तर इथे हा विषय शिकायची सोय जवळजवळ नव्हतीच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ साली एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सुरू केलं. २००६ साली ‘पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया’ आलं आणि मागोमाग गांधीनगरपासून सुरुवात करून त्याच्या संस्था निघाल्या. मग खासगी विद्यापीठांनाही या अभ्यासक्रमाचा सुगावा लागला.

मुंबईत शिकायचं तर पत्ता देवनार. टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण-अर्थकारण या अंगांनी एमपीएच करता येतं. तिथून हाकेच्या अंतरावर, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं तिच्या हाती असतात. १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून देशातल्या कुपोषणाचे, लसीकरणाचे आणि दुसऱ्या फेरीपासून रक्तक्षयाचे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात ते इथून. पण देवनारचं खरं ग्रंथालय फाटकाबाहेर आहे. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, पलीकडे डम्पिंग ग्राउंड. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांना ऊन माहीत नाही. तिथे टीबी खालच्या मजल्यांवर जास्त असल्याचं अभ्यासात दिसलं आहे. छातीच्या डॉक्टरने औषध दिलं, रुग्ण बरा होऊन पुन्हा त्याच खोलीत गेला. आता इलाज कुणाचा करायचा, माणसाचा की बांधकाम नियमांचा? हा प्रश्न वैद्यकाच्या पेपरात येत नाही.

शिक्षण वर्गात किती आणि वर्गाबाहेर किती, याचं एक साधं उदाहरण देतो. पावसाळ्यात एखाद्या गावात जुलाबाची साथ येते. विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सहायकासोबत जातात. ओटी टेस्ट करतात. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग येत नाही. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर मात्र टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज टाकल्याची नोंद, सहीसकट. इथे अर्धवट शिकलेला विद्यार्थी अहवालात ‘जनजागृतीची गरज’ लिहून मोकळा होतो. नीट शिकलेला पावडरीचा ड्रम बघायला जातो. ड्रम उघडा, खोली गळकी, पावडरीचे दगड झालेले, म्हणजे क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. मग पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला गाठतो. त्याचं मानधन थकलेलं, टाकी गावापासून लांब. ‘पाण्याला वास येतो, पावडर टाकू नको’ म्हणून बायकांनी त्याला दोनदा झापलेलं. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार. गावाला मागच्या तपासणीत पिवळं कार्ड मिळालेलं, म्हणजे धोका माहीत होता, लाल नव्हतं म्हणून कुणी हललं नाही. जुलाबापासून थकलेल्या मानधनापर्यंत हा माग काढणं म्हणजे या विषयाचं प्रात्यक्षिक. याला प्रयोगशाळा लागत नाही, पण चिकाटी भरपूर लागते. सरपंचाच्या चहाला नाही म्हणायचं नाही, एवढं भानही लागतं.

आरोग्य शिक्षण या अंगाबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण त्याची आपल्याकडे सर्वांत जास्त फरफट झाली आहे. भिंतीवर घोषणा, शाळेची प्रभात फेरी, हात धुण्याचा दिवस, फोटो, अहवाल. या सगळ्यामागे एक समज दडलेला असतो की लोकांना कळत नाही म्हणून ते आजारी पडतात. पुण्याला १८९७ साली याचा कडेलोट पाहायला मिळाला. प्लेग आला तेव्हा सरकारचं शास्त्र अगदीच चुकीचं होतं असं नाही. रोगी वेगळे ठेवायचे, घरं स्वच्छ करायची. पण सोल्जर घरात घुसले, देव्हाऱ्यापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रोग्यांची शुश्रूषा करत होते. सावित्रीबाईंना तिथेच प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. इतिहासाच्या तासाला आपण हे दोन धडे वेगवेगळे शिकतो. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात ते एकत्र शिकवायला हवेत. करोनाच्या काळात दारावर चिकटवलेले कागद आणि घरी परतलेल्या परिचारिकेला सोसायटीत न घेणारे लोक पाहिल्यावर तर नक्कीच.

चांगलं आरोग्य शिक्षण कसं असतं याचा नमुना गोव्यात सापडतो. १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी नेमलं. नुसतं नेमून थांबले नाहीत, शास्त्रशुद्ध चाचणी करून फरक पडतो का ते तपासलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा झाल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं. करून पाहायचं, मोजायचं, नाही जमलं तर तसं छापायचं. भित्तिपत्रकवाल्यांना मोजायची सवय नसते.

आता नोकरीचं. या पुस्तकात त्यावर सविस्तर प्रकरणं आहेतच, पण मी सावध सूर लावून ठेवतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, सनियंत्रण अधिकारी अशी पदं असतात. ती बहुतांश कंत्राटी. करार संपला की नवा आदेश निघेपर्यंत जीव टांगणीला, आणि कायम करा म्हणून आझाद मैदान. बऱ्याच जाहिरातींत एमपीएच मागितलेलं असतं, पण कंसात ‘एमबीबीएस असल्यास प्राधान्य’. दंतवैद्यक किंवा आयुर्वेद केलेल्याला मागे टाकून एमबीबीएसवाला निवडला जातो आणि संख्याशास्त्राच्या पदवीधराचा अर्ज तर वाचलाही जात नाही, हे मी पाहिलं आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर असावं असं सुचवलं, २०२२ साली केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९चा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र संचालनालय आहे. बाकीच्या राज्यांनी मनावर घेतलं, तर या पदवीला सरकारी दारात मान मिळेल. तोवर ज्याला फक्त कायम नोकरी हवी आहे त्याने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा.

सरकारी दाराबाहेर मात्र वाटा खूप आहेत, आणि दरवर्षी नव्या फुटतात. वढूच्या परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वर्षानुवर्षं घरोघरचे जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवतं आहे. अशा ठिकाणी आकडेवारी हाताळणाऱ्याची नेहमी गरज असते. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था यांत संशोधनाची कामं निघतात. डॉक्टर असाल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून साथीचा तपास शिकवणारा दोन वर्षांचा प्रशिक्षणक्रम आहे. त्यातून बाहेर पडलेले लोक साथ आली की बॅग उचलून निघतात. स्वयंसेवी संस्था, युनिसेफ, विमा कंपन्या, सल्लागार संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधी, आरोग्य ॲप बनवणारे, महापालिकांचे आरोग्य विभाग. कुठे पैसा बरा आहे, कुठे समाधान बरं आहे. दोन्ही एकाच ठिकाणी सापडलं तर कुणाला सांगू नका, जागा भरेल.

वर्गात गणिताची धास्ती घेतलेले बरेच असतात. दाताची मुळं शिकलेली मुलगी पहिल्यांदा संगणकावर ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडते, लाल अक्षरांत चूक दाखवली जाते आणि तिला रडू फुटतं. दुसऱ्या सत्रापर्यंत तीच मुलगी इतरांच्या चुका शोधून देते. तेव्हा त्याची फार काळजी नको. काळजी करायची ती इंग्रजीची. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ते लोक मराठीत, कोरकूत, माडियात, गोंडीत बोलतात. नंदुरबारच्या मुलीला अक्कलकुव्याच्या आईशी बोलता येतं, पण प्रबंध लिहिताना तिची कोंडी होते. मुंबईच्या मुलाचं नेमकं उलटं. चांगली संस्था या दोघांना एका गटात टाकते.

संस्था निवडताना माहितीपत्रकावरचे इमारतीचे फोटो बघू नका. दोन वर्षांत किती दिवस गावात किंवा वस्तीत राहावं लागतं ते विचारा. मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे आहेत त्यांचे फोन मागा, आणि ते फोन खरंच करा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी गेल्या पाच वर्षांत स्वतः सर्वेक्षण केलंय का, हेही बघा. शुल्क किती, शिष्यवृत्ती कुणाला, प्रबंधाचा विषय स्वतः निवडता येतो की सरांच्या चालू प्रकल्पाचा तुकडा हातात देतात, हे आधीच विचारलेलं बरं. आणि एवढं करूनही ठरत नसेल, तर संस्थेच्या सर्वांत जवळच्या वस्तीत जाऊन तिथल्या आशाताईला विचारा, या कॉलेजातली मुलं इकडे येतात का. तिने दोन-तीन नावं घेतली, त्यातल्या एकाबद्दल तक्रारही केली, तर फी भरायला हरकत नाही.